बरड जमिनीसाठी स्टायलोचं ‘चारा किट’ घेतलं, त्याचा रिव्ह्यू (कॉटन मार्केट, नागपूर)

स्टायलो म्हणजे ढोरांसाठीचा एक शेंगवर्गीय चारा. आधी पाचपैकी स्टार सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. बियाण्याला साडेचार, रायझोबियमच्या पाकिटाला तीन, पीएसबीच्या बाटलीला दोन, मायकोरायझाच्या पावडरला दीड, आणि दुकानदाराच्या सल्ल्याला एक, तोही त्याने थंड पाणी विचारलं म्हणून.

दुकानाचं नाव लिहीत नाही. कॉटन मार्केटच्या त्या लाइनीत थोड्याफार फरकाने सगळेच हे विकून राहिले, एकाच्याच नावाने कशाला बोंबलायचं. किट एका एकराचं आहे, अडीच किलो स्टायलो बियाणं, अडीचशे ग्रॅमचं रायझोबियम (मुळावर गाठी करून झाडाला हवेतलं नत्र म्हणजे नायट्रोजन देणारे जिवाणू), अर्ध्या लिटरची स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणाऱ्या जिवाणूंची बाटली म्हणजे पीएसबी, मायकोरायझाची (मुळात राहणाऱ्या बुरशीची) थैली आणि वर एक सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी, सगळं मिळून अडीच हजाराच्या आसपास. खोक्यावर हिरव्यागार वावरात एक जर्सी गाय उभी आहे. आमच्याकडे गवळाऊ आहेत आणि बेरारी शेळ्या, असो.

वावर कळमेश्वरच्या पुढे आहे. जुने कास्तकार जमिनीची काळी, मोरांड, खरडी, बरडी अशी प्रत लावतात ना, त्यातलं हे शेवटचं. वीतभर माती, खाली मुरूम. काळ्यात कापूस-तूर आहेच पण हा टेकडीकडचा तुकडा वर्षानुवर्षं कुसळी गवताखाली पडून होता, ढोरं पावसाळ्यात चरायची आणि दिवाळीनंतर ते गवत इतकं कडक होते की त्यापेक्षा कुटार बरं. कुसळी वाळली की तिच्यात प्रथिनं नावालाच राहतात, स्टायलोत १२ ते १८ टक्के धरतात, म्हणजे ढेपेचा खर्च जरा तरी कमी होईल असा आमचा साधा हिशेब.

आता या किटचा रिव्ह्यू ‘उगवलं, मस्त आहे, धन्यवाद’ असा लिहिता येत नाही, कारण यातली कोणती पुडी काम करते आणि कोणती फक्त खोकं जड करते हे मुळाशी काय होते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आपल्या इकडे दगड बसाल्टचा, मातीत चुनखडी, सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ. अशा जमिनीत स्फुरद नसते असं नाही, असते, पण कॅल्शियम त्याला धरून बसतो. भंडारा-गोंदियाकडच्या लाल मातीत तेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. शिवाय स्फुरद म्हणजे सरकारी फाइल, जिथे ठेवली तिथेच पडून. नायट्रेट पाण्यासोबत वाहत मुळापर्यंत येते, स्फुरद तसं येत नाही, ते इतकं हळू सरकते की मुळाने आपल्याभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा पट्टा खाऊन रिकामा केला की पुढचा माल तिथेच राहतो आणि मूळ उपाशी. माती वाळली की ते सरकणंही बंद. त्यात मातीतल्या पाण्यात विरघळलेलं स्फुरद इतकं पातळ असते की मुळाच्या पेशीच्या आतलं प्रमाण त्याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त राहते, म्हणजे झाडाला ते फुकटात मिळत नाही, ताकद लावून आत ओढावं लागते.

मग शेंगवर्गीय चारा काय करतो? एक तर बारीक मुळं आणि मुळावरचे केस वाढवतो, म्हणजे तेवढ्याच मातीत जास्त ठिकाणी तोंड लावतो. दुसरं, आजूबाजूची माती आंबट करतो. हे मला सगळ्यात भारी वाटलं. हवेतून नत्र घेणारं झाड मातीतून नायट्रेट कमी उचलते, त्यामुळे ते कॅल्शियम, पोटॅश, मॅग्नेशियम जास्त उचलते आणि हिशेब जुळवायला मुळातून हायड्रोजन आयन बाहेर सोडते. त्या आंबटपणाने मुळाच्या कातडीला लागून असलेला कॅल्शियमवाला स्फुरद सुटतो. सगळ्या वावराचा सामू बदलत नाही हां, मुळाच्या भोवती काही मिलिमीटरचाच खेळ आहे आणि चुनखडी जास्त असली तर तोही दबतो. तिसरं, सेंद्रिय आम्लं सोडतात. हरभरा सायट्रिक सोडतो. आणि आपली तूर, तिच्या मुळातून पिसिडिक ॲसिड निघते, ते लोहाला पकडून त्याच्याजवळचं स्फुरद मोकळं करते, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत हे काम झालं आणि १९९० मध्ये छापून आलं. म्हणजे आपण वर्षानुवर्षं कापसात तूर घेऊन राहिलो ते काही येडे म्हणून नाही. चौथं, फॉस्फेटेज नावाचे एन्झाइम, कुजलेल्या पाल्यात आणि शेणात जे स्फुरद अडकलेलं असते ते हे कापून काढतात. स्टायलो यात हुशार आहे, स्फुरद कमी पडलं की त्याची मुळं हे एन्झाइम जास्त सोडतात.

हे एवढं काऊन सांगितलं, तर दुकानात पोरगं म्हणते, “दादा, हे जिवाणू टाकले की खत टाकायची गरजच नाही.” अरे बाप्पा, गरज आहे. गाठीत हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला १६ एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू) लागतात आणि एटीपीमध्ये पी म्हणजे फॉस्फेटच बसलेलं आहे. स्फुरदच नसेल तर गाठी बनतील कशाच्या जोरावर. म्हणून मी किटसोबत सिंगल सुपर फॉस्फेटच्या एकरी दोन बॅगा वेगळ्या घेतल्या, यात १६ टक्के स्फुरद आहे, वर ११ टक्के गंधक, आणि गाठीतल्या त्या नत्र फोडणाऱ्या एन्झाइमला गंधकही लागते आणि लोहही. फेकून दिलं नाही, ओळीत बियाच्या खाली थोडं बाजूला पडेल असं टाकलं, कारण मातीत जितकं मिसळाल तितकं कॅल्शियम त्याला गिळणार. एक पट्टी मात्र मुद्दाम बिनखताची ठेवली. तिथला स्टायलो मेला नाही, पण ऑगस्ट संपता संपता बाजूच्या ओळींच्या अर्ध्यावर होता. गरीब जमिनीत तग धरतो म्हणजे उपाशी राहून जाड होतो असं नाही ना भाऊ.

आता एकेक पुडी.

बियाणं. चांगलं निघालं, स्वच्छ होतं, काडीकचरा कमी. पाकिटावर नुसतं ‘स्टायलो’ लिहिलं आहे, हमाटा की स्कॅब्रा ते नाही, अर्धा स्टार त्याचाच कापला. हमाटा बुटका, पसरणारा, लवकर फुलणारा, स्वतःच बी पाडून पुढच्या वर्षी उगवतो. स्कॅब्रा झुडपासारखा, मूळ खोल, कोरड्यात जास्त टिकतो, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले क्रांती ही जात याच्यातलीच. आम्हाला मिळालं ते वाढीवरून हमाटा वाटते. बाहेरून आलेलं झाड आहे, मूळ गाव कॅरिबियन आणि दक्षिण-मध्य अमेरिकेकडचं, ऑस्ट्रेलियावाल्यांनी याला कुरणात मोठं केलं आणि तिकडेच १९७० च्या दशकात करपा रोगाने टाउन्सव्हिल स्टायलो नावाचा त्यांचा जुना प्रकार पार झोपवला. म्हणून कोणता स्टायलो आहे ते विचारणं हा चोंबडेपणा नाही, विचाराच.

बियाचं साल टणक राहते, तसंच पेरलं तर बरंच बी मातीत ढिम्म पडून राहते. पाकिटावर यावर एक ओळ नाही! पाणी साधारण ८० अंशांवर आणायचं, बी फडक्यात बांधून ४ मिनिटं बुडवायचं, मग रात्रभर थंड पाण्यात. घरी बायकोने रबडीसाठी आणलेला थर्मामीटर कामी आला (परत केला, धुऊन). एक सेंटीमीटरपेक्षा खोल पेरू नका, बारीक बी आहे, वर यायला दम पुरत नाही.

रायझोबियम. इथे मामला गुंतागुंतीचा आहे. प्रत्येक शेंगवर्गाचा जिवाणू वेगळा. लसूणघासाचा वेगळा, बरसीमचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. हमाटा त्या मानाने कमी नखरेल, चवळीच्या गटातले जे जिवाणू आपल्या मातीत आधीच असतात त्यांच्याशीही त्याचं जमते. म्हणजे ज्या वावरात मूग-बरबटी-चवळी होत आली तिथे पाकीट नसलं तरी थोड्याफार गाठी येतील. पण टेकडीच्या पडीकात ते जिवाणू किती शिल्लक आहेत कोणास ठाऊक, म्हणून लावणं बरं, खर्चही या सगळ्यात सगळ्यात कमी याचाच. या पाकिटावर ‘शेंगवर्गीय पिकांसाठी’ एवढंच छापलं आहे. हे म्हणजे काहीच न छापण्यासारखं झालं. गट लिहिलेलं पाकीट पायजे.

आणि आता नागपूरचा उन्हाळा. सरकारी खत नियंत्रण आदेशात पावडरवाल्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी पायजे असं आहे. कारखान्यातून निघताना असतीलही. पण दुकानात ही पाकिटं कुठे ठेवली होती? टिनाच्या छताला लागून सगळ्यात वरच्या रॅकवर, मे महिन्यात. आपल्याकडे २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला होता आणि साध्या वर्षीही ४५ काही बातमी नसते, तर टिनाखाली किती असेल तुम्हीच बघा. हे जिवाणू चाळिशीच्या वर मरायला लागतात. पोराला म्हटलं बाबू, खाली कूलरसमोरच्या खोक्यातलं दे, तर तो माझ्याकडे असा पाहे की मी टरबूज ठोकून मागून राहिलो. दिलं शेवटी. उत्पादनाची तारीख बघा, सहा महिने उलटले असतील तर परत ठेवा, आणि घरी आणल्यावरही गाडीच्या डिक्कीत विसरू नका.

लावायची रीत सोपी आहे, गुळाच्या पाण्याचा चिकट घोळ थंड करून त्यात पावडर, मग बियावर हलक्या हाताने चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक चोळलेल्या बियावर हे लावलं तर पैसे पाण्यात.

सहा-सात आठवड्यांनी खुरप्याने मातीसकट झाड काढून बादलीत धुतलं. ओढून काढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात आणि मग लोक म्हणतात गाठीच नाहीत. स्टायलोच्या गाठी भुईमुगासारख्या ठसठशीत नसतात, बारीक आणि विखुरलेल्या असतात. नखाने फोडली तर आतून गुलाबी निघाली, म्हणजे चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. पांढरट किंवा हिरवी निघाली की समजायचं काम बंद. बहुतेक गुलाबी होत्या. पण पाकीट न लावलेल्या कोपऱ्यातही गुलाबी गाठी दिसल्या, थोड्या कमी. म्हणून तीन स्टार, पाचही देऊ शकत नाही आणि एकही नाही.

पीएसबीची बाटली. तत्त्व चूक नाही, हे जिवाणूही आम्लच सोडतात. पण चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल सोडायच्या आधीच विझते असं म्हणा ना, शिवाय बाहेरून टाकलेल्या जिवाणूंना तिथल्या जुन्या जिवाणूंच्या गर्दीत जागा करून घ्यावी लागते. काही वावरात फरक दिसतो, काहीत नाही. आमच्या पट्टीत मला डोळ्यांनी दिसेल असा फरक नाही आला. शेणखतासोबत मुरवून टाकली तर जास्त बरं असं अनुभवी लोक म्हणतात, ते मी पुढच्या हंगामात बघणार, पण नवी बाटली विकत घेऊन नाही, अर्धी उरली आहे.

मायकोरायझा. राजेहो, या पावडरवर माझा राग नाही, राग आहे ती कोणाच्या गळ्यात बांधून राहिले त्यावर. ही बुरशी मुळात शिरते आणि तिचे धागे मुळाच्या केसांपेक्षाही बारीक असतात, मातीत काही सेंटीमीटर लांब जातात, म्हणजे तो जो मिलिमीटरभराचा रिकामा पट्टा आहे ना त्याच्या पार पलीकडून स्फुरद आणि जस्त आणून देतात. त्याची मजुरी म्हणून झाड आपली ४ ते २० टक्के साखर तिला देते. स्टायलो गरीब जमिनीत या बुरशीच्या भरवशावरच जगतो म्हटलं तरी चालेल. मग दीड स्टार का? कारण ती बुरशी जुन्या गवताच्या जमिनीत आधीच राहते! ज्या तुकड्यावर वर्षानुवर्षं नांगर लागला नाही, गवताची मुळं जिवंत आहेत, तिथे धाग्यांचं जाळं तयारच आहे. आपण ते फक्त मोडायचं नाही. म्हणून आम्ही ट्रॅक्टरने पलटी नांगरट केली नाही, गवत आखूड कापून नुसत्या ओळी ओढल्या आणि पेरलं. पावडर टाकलेल्या ओळी आणि न टाकलेल्या ओळी, आमच्या सालदाराला विचारलं कोणत्या कोणत्या, त्याला नाही ओळखता आल्या आणि मला नकाशा पाहावा लागला. हीच पावडर जिथे वरची माती खरवडून नेली आहे, खाणीचा ढिगारा आहे, किंवा रोपवाटिकेच्या पिशवीत भाजलेली माती भरली आहे तिथे सोनं आहे. संत्र्यावाल्यांनी तर जरूर घ्यावी, लिंबूवर्गाच्या मुळाला केस कमीच असतात, त्याचं या बुरशीवाचून अडते. म्हणजे दुकानदाराने माझ्याऐवजी काटोलच्या नर्सरीवाल्याला विकायला पायजे होती.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी उघडलीच नाही. त्यात मॉलिब्डेनम आहे म्हणून पोरगं लय कौतुक करे. मॉलिब्डेनम गाठीतल्या त्या एन्झाइमला लागते हे खरं, पण ते आंबट जमिनीत अडकते, आपल्यासारख्या जास्त सामूच्या जमिनीत सहसा सुटं असते. आपल्याकडे कमी पडते ते जस्त, आणि चुनखडीत लोह. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची बोंब समजा. यात एक गंमत आहे, शेंगवर्ग आणि गवत लोह वेगवेगळ्या पद्धतीने काढतात, शेंगवर्ग माती आंबट करून लोहाचं रूप बदलतो, तर गवत स्वतःचा एक पदार्थ सोडून लोहाला बांधून आणते आणि तो बांधलेला माल शेजाऱ्यालाही उपयोगी पडू शकतो. म्हणून स्टायलो एकटा पेरण्यापेक्षा मारवेल किंवा अंजन गवतासोबत पेरा, ढोराच्या पोटालाही तेच बरं.

दुकानदाराचा सल्ला राहिला. तो म्हणे वीस दिवसांनी युरिया मारा, हिरवंगार होईल. होईल ना, पण मातीत नायट्रेट फुकट मिळालं की झाड गाठींना पोसत नाही, मग जिवाणूचं पाकीट कशाला विकलं रे बाबा? शिवाय युरियाने गवत उसळते आणि स्टायलोचं रोप पहिल्या दोन महिन्यांत इतकं हळू वाढते की त्याच्यावर सावली पडून ते बसते. आणि हे काळ्या जड जमिनीतही जोरात येईल असं जे त्याने सांगितलं, पाणी साचते तिथे लावू नका, मी सांगून राहिलो.

पहिल्या वर्षी जास्त चारायचं नाही एवढा संयम ठेवा. आम्ही शेळ्या धुऱ्याच्या बाहेर ठेवल्या, दिवाळीनंतर एकच कापणी घेतली, गवळाऊंनी आधी वास घेऊन तोंड फिरवलं आणि दोन दिवसांनी गव्हाणीत काडी शिल्लक ठेवली नाही. दूध वाढलं का विचारू नका, एका कापणीत दूध वाढलं म्हणणारा माणूस किट विकत असतो.

घ्यायचंच असेल तर खोकं घेऊ नका, बियाणं सुटं मागा, देतात, थोडी घासाघीस करावी लागते. रायझोबियम गट आणि तारीख बघून, शक्यतो कृषी विद्यापीठाचं, नाही तर द्रवरूपवालं, ते उन्हाळ्यात जास्त टिकते. सुपर फॉस्फेट तुमच्या गावाच्या सोसायटीतून, इथून भाडं भरून नेऊ नका. उरलेल्या पैशात मारवेलचे ठोंब आणा. आणि सकाळी जाऊ नका, भाजीच्या गाड्यांमध्ये टू-व्हीलरही घुसत नाही, चारनंतर बरं, फक्त तेव्हा मालक नसतो आणि पोराला सुट्या बियाण्याचा भाव माहीत नसतो, आधी फोन करून भाव पक्का करून घ्या.